कारचा कंपनी-फिटेड स्टिरिओ सुधारायचाय? आधी दरवाजा उघडा

गाडीतला आवाज आवडत नाही म्हटलं की पहिला विचार येतो तो डॅशबोर्डवरचा स्टिरिओ बदलण्याचा. मोठा स्क्रीन येतो, खोक्यावर ठळक अक्षरांत '५० वॅट × ४' असतं, आणि सगळं बसवून झाल्यावर आवाज जवळपास पूर्वीसारखाच निघतो. अनेकांच्या वाट्याला हे येतं आणि त्यामागचं कारण साध्या गणिताचं आहे.

स्टिरिओ, म्हणजे हेड युनिट, सिग्नल तयार करतं. ॲम्प्लिफायर त्या सिग्नलला ताकद देतो. स्पीकर विजेचं हालचालीत रूपांतर करतो आणि दरवाजा त्या स्पीकरला धरून ठेवतो. बहुतेक गाड्यांत यातल्या शेवटच्या दोन कड्या सगळ्यात कच्च्या असतात. म्हणून क्रम उलटा लावायचा: आधी दरवाजा, मग पुढचे स्पीकर, मग ॲम्प्लिफायर, वाटलंच तर सबवूफर, म्हणजे फक्त बास वाजवणारा वेगळा स्पीकर. हेड युनिट सगळ्यात शेवटी, आणि नव्या गाड्यांत तर बहुधा नाहीच.

'५० वॅट × ४' हा आकडा येतो कुठून?

इंजिन चालू असताना गाडीत साधारण १४.४ व्होल्ट मिळतात. हेड युनिटमधल्या छोट्या ॲम्प्लिफायरला याहून जास्त व्होल्टेज मिळत नाही, कारण ते वाढवणारा सर्किटचा भाग त्यात नसतो. स्पीकर ४ ओहमचा. पॉवर काढायची तर व्होल्टेजचा वर्ग करून ओहमने भागायचं. १४.४ चा वर्ग सुमारे २०७, भागिले ४, आले ५२ वॅट. खोक्यावरचा ५० तो हाच. पण एवढी पॉवर मिळते ती सिग्नल पूर्ण चिरडून त्याच्या लाटेचा चौकोन झाला तर. स्वच्छ लाटेसाठी तोच हिशोब निम्म्यावर येतो, २६ वॅट. चिपमधली गळती वजा केली की हातात उरतात १८ ते २२ वॅट. कंपनीचं जुनं युनिटही जवळपास तेवढंच देत असतं. नव्यात स्क्रीन नवा असतो, ताकद तीच.

स्वच्छ आणि सलग देता येणाऱ्या पॉवरला आरएमएस वॅट म्हणतात. खरेदी करताना फक्त हाच आकडा वाचायचा. 'मॅक्स', 'पीक' वगैरे आकड्यांवरून काहीही ठरवता येत नाही.

वॅट दुप्पट झाले की आवाज ३ डेसिबलने वाढतो, कानाला जेमतेम जाणवेल इतका. कानाला 'दुप्पट मोठा' वाटायला १० डेसिबल लागतात, म्हणजे दहापट वॅट. त्यामुळे २० चे ३० वॅट करून काहीच हाती लागत नाही.

मग नुसते स्पीकर बदलले तर?

फरक पडतो, पण इथेही एक खाच आहे. कंपनीच्या स्पीकरचा कोन, म्हणजे पुढे-मागे हलणारा शंकूसारखा भाग, हलक्या कागदाचा असतो आणि तो कमी वॅटवर मोठ्याने वाजेल असाच बनवलेला असतो. बाजारातल्या चांगल्या स्पीकरचा कोन आणि त्याला हलवणारं तारेचं वेटोळं, म्हणजे कॉइल, जड असते. तोच हेड युनिट ठेवून असा स्पीकर जोडला की आवाज स्वच्छ होतो, पण काही वेळा आधीपेक्षा बारीक वाटतो. म्हणून स्पीकरची सेन्सिटिव्हिटी पाहावी: १ वॅट दिल्यावर १ मीटरवर किती डेसिबल मिळतात तो आकडा. हेड युनिटवरच चालवायचे असतील तर ९० किंवा त्याहून जास्त शोधावा. वेगळा ॲम्प्लिफायर लावणार असाल तर ८७–८८ सुद्धा चालेल. हा आकडा '२.८३ व्होल्टला' दिला असेल तर सावध व्हावं. ४ ओहमच्या स्पीकरला २.८३ व्होल्ट म्हणजे २ वॅट होतात, त्यामुळे छापलेल्या आकड्यातून ३ डेसिबल वजा करूनच तुलना करायची.

जुना स्पीकर काढल्यावर मल्टिमीटरने त्याचा रोध मोजा. ३.२ ते ३.६ ओहम आला तर तो ४ ओहमचा. १.६ ते १.८ च्या आसपास आला तर तो २ ओहमचा आहे. काही महागड्या फॅक्टरी सिस्टीममध्ये असे असतात. त्याच्या जागी ४ ओहमचा जोडला की मिळणारी पॉवर निम्मी होते आणि 'नवा स्पीकरच वाईट निघाला' असं वाटतं.

दरवाजा हाच स्पीकरचा डबा

घरातल्या स्पीकरला लाकडी डबा असतो. गाडीतल्या स्पीकरचा डबा म्हणजे पातळ पत्र्याचं, भोकं पडलेलं दार. कोन पुढे सरकतो तेव्हा समोरची हवा दाबली जाते आणि मागची विरळ होते. दाराच्या आतल्या पत्र्याला मोठी भोकं असली की मागची हवा त्यातून पुढे येते आणि दोन्ही लाटा एकमेकींना खाऊन टाकतात. यात जातो तो बास. पन्नास हजार वेळा इक्वलायझर फिरवला तरी तो परत येत नाही.

दुसरा त्रास थरथरण्याचा. पितळी पातेल्याला चमच्याने टोला दिला की ते घणघणतं, आणि कडेला तळहात टेकवला की आवाज जागीच थांबतो. दाराच्या बाहेरच्या पत्र्यावर डॅम्पिंग शीट तळहाताचंच काम करते. शीट ब्युटिल रबराची, साधारण २ मिलिमीटर जाडीची आणि वर ॲल्युमिनियमचा पातळ पत्रा असलेली घ्यावी. डांबरी शीट घेऊ नये; उन्हात तापलेल्या दारात ती मऊ पडते, वास सोडते आणि शेवटी घसरते.

कामाचा क्रम असा. रेडिओला सिक्युरिटी कोड असेल तर तो आधीच शोधून ठेवा, मग बॅटरीची निगेटिव्ह तार काढा. एअरबॅगचे कपलर पिवळे असतात; त्यांच्या जवळपास काम करायचं तर तार काढल्यावर किती वेळ थांबायचं ते गाडीच्या पुस्तिकेत पाहा आणि तेवढं थांबाच. असा एखादा कपलर सुटलेला असताना इग्निशन चालू केलं तर एअरबॅगचा दिवा पेटतो आणि तो घालवायला स्कॅनर लागतो. हायब्रिड किंवा इलेक्ट्रिक गाडीत नारिंगी केबल दिसली तर ती उच्च दाबाची आहे, तिला हात लावायचा नाही.

दाराचं पॅनेल निघताना हँडलमागचे आणि कडेचे स्क्रू आधी शोधायचे. ओढल्यावर पॅनेल हलत नसेल तर एखादा स्क्रू राहिलाय. जोर लावू नका. प्लॅस्टिकचा ट्रिम टूल वापरा आणि क्लिपा चार-सहा जास्तीच्या आणून ठेवा, कारण एक-दोन तुटतातच.

आत प्लॅस्टिकचा पडदा दिसेल. तो पावसाचं पाणी केबिनमध्ये येऊ नये म्हणून असतो. तो न फाडता सोलायचा आणि शेवटी तसाच घट्ट चिकटवायचा, किंवा त्याची जागा शीटने पूर्ण बंद करायची. पडदा अर्धवट लावला की पायाखालचा गालिचा ओला होतो, आणि ते कळतं पहिल्या मोठ्या पावसात.

बाहेरचा पत्रा आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून कोरडा करा. शीट मधल्या भागात चिकटवून रोलरने दाबा, तिच्या ॲल्युमिनियमवरची नक्षी सपाट होईपर्यंत. पूर्ण पत्रा झाकायची गरज नाही. पाव भाग झाकला तरी घणघण बहुतांशी थांबते. त्यानंतरची प्रत्येक शीट कमी कमी उपयोगाची ठरते आणि दाराचं वजन मात्र वाढवत राहते, चौरस मीटरला सुमारे ३ ते ४ किलो. आतल्या पत्र्याची मोठी भोकं नुसत्या शीटने झाकली तर ती मध्ये लोंबते आणि स्पीकरबरोबर फडफडते. तिथे ॲल्युमिनियमचा किंवा एबीएस प्लॅस्टिकचा तुकडा स्क्रूने बसवून त्यावर शीट लावा, म्हणजे काचेची मोटर बिघडली तर उघडताही येईल. एका पुढच्या दाराला अर्धा ते पाऊण चौरस मीटर शीट पुरते.

दोन गोष्टी कधीही बंद करायच्या नाहीत. दाराच्या तळाची पाणी निचऱ्याची भोकं, आणि काही गाड्यांत दारात असलेला हवेचा दाब मोजणारा सेन्सर. बाजूने धडक बसली की दारातला दाब वाढतो आणि त्यावरून तो एअरबॅगला इशारा देतो. अशा दारात भोकं बुजवण्याआधी सर्व्हिस मॅन्युअल बघणं हे ऐच्छिक काम नाही.

स्पीकर बसवताना काय चुकतं

खोली. ६.५ इंची स्पीकरची जागा असली तरी मागचं चुंबक काचेला लागतं. काच पूर्ण खाली घेऊन मोजा, वर असताना मोजलेलं माप फसवं असतं. स्पीकर आणि पत्रा यांच्यामध्ये स्पेसर रिंग लागते. एमडीएफची, म्हणजे दाबलेल्या लाकडी भुशाची, रिंग ओलाव्याने फुगते, त्यामुळे प्लॅस्टिकची घ्या किंवा लाकडीला सगळ्या बाजूंनी, भोकांच्या आतूनसुद्धा, रंग द्या. रिंगखाली आणि स्पीकरच्या कडेला फोमची पट्टी हवी. तिथून हवा गळली तर दाराचं सगळं काम वाया जातं.

बऱ्याच गाड्यांत जुना स्पीकर रिव्हेटने बसवलेला असतो. रिव्हेटचं डोकं ड्रिलने काढताना लोखंडाचा कीस पडतो, आणि नव्या स्पीकरचं चुंबक तो ओढून घेतं. कीस कॉइलच्या फटीत गेला की कायमची खरखर. म्हणून आधी सगळं व्हॅक्युमने साफ करा, मगच नवा स्पीकर पिशवीतून बाहेर काढा.

फॅक्टरीची वायर कापू नका. तुमच्या गाडीच्या कपलरला बसणारा ॲडॉप्टर मिळतो. तो वापरला की गाडी विकताना जुने स्पीकर परत बसवता येतात. प्लस-मायनसची खात्री करायची तर १.५ व्होल्टचा सेल क्षणभर तारांना लावा: सेलचा प्लस स्पीकरच्या प्लसला असेल तर कोन बाहेर सरकतो. डावीकडचा बरोबर आणि उजवीकडचा उलटा जोडला तर दोघं एकमेकांविरुद्ध ढकलतात, बास गायब होतो आणि गायकाचा आवाज समोरून न येता कुठूनही आल्यासारखा वाटतो. असा सेल वूफरलाच, म्हणजे खालचे स्वर वाजवणाऱ्या मोठ्या स्पीकरलाच, लावायचा. ट्विटरच्या, म्हणजे वरचे स्वर वाजवणाऱ्या छोट्या स्पीकरच्या, मार्गात कपॅसिटर असतो, तिथे ही चाचणी काही सांगत नाही.

तो कपॅसिटर कधीच काढू नका. ४ ओहमच्या ट्विटरला १० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर सुमारे ४००० हर्ट्झच्या खालचा आवाज अडवत जातो, ४.७ मायक्रोफॅरडचा सुमारे ८५०० च्या खालचा. त्याच्याशिवाय ट्विटरवर बास जातो आणि त्याची केसासारखी कॉइल जळते.

हेड युनिटला हात लावायचा का?

जुन्या गाडीत, जिथे १८० × ५० किंवा १८० × १०० मिलिमीटरचा ठरावीक खण आहे, तिथे खुशाल बदला. पिवळी तार कायम १२ व्होल्टची, लाल इग्निशनची, काळी अर्थची, निळी-पांढरी ॲम्प्लिफायरला चालू करणारी. पांढरी जोडी पुढच्या डाव्या स्पीकरची, करडी पुढच्या उजव्या, हिरवी मागच्या डाव्या, जांभळी मागच्या उजव्या. काळा पट्टा असलेली तार मायनस. हे रंग नव्या युनिटच्या तारांचे. गाडीच्या तारांचे रंग कंपनीगणिक वेगळे असतात, तिथे रंगावर विश्वास न ठेवता मल्टिमीटरने तपासा. गाडी बंद केल्यावर घड्याळ आणि स्टेशनं पुसली जात असतील तर पिवळी आणि लाल अदलाबदल झालीय. स्पीकरची मायनस तार बॉडीला जोडू नका. या युनिटमध्ये स्पीकरच्या दोन्ही तारांवर बॅटरीच्या निम्मं व्होल्टेज असतं, आणि बॉडीला टेकली की चिप जाते.

नव्या गाडीत गोष्ट वेगळी. रिव्हर्स कॅमेरा, पार्किंगचा इशारा, इंडिकेटरची टिकटिक, स्टिअरिंगवरची बटणं, कधी एसीसुद्धा त्याच स्क्रीनमधून चालतं. ते उपटून आवाजात फार काही मिळत नाही. त्यापेक्षा स्पीकरच्या तारांमधूनच सिग्नल घेणारा ॲम्प्लिफायर लावावा. त्याला हाय-लेव्हल इनपुट म्हणतात. एक अडचण लक्षात ठेवा. व्हॉल्यूम वाढवला की बास कमी करायचा, असं काही फॅक्टरी युनिटना शिकवलेलं असतं, स्वस्त स्पीकर फाटू नयेत म्हणून. नवे स्पीकर लावले तरी युनिट तेच करत राहतं. तिथे आवाजाची दुरुस्ती करणारा प्रोसेसर, म्हणजे डीएसपी, उपयोगी पडतो. काही युनिट समोर स्पीकर सापडला नाही तर आवाजच बंद करतात. त्यासाठी ॲम्प्लिफायरबरोबर येणारा किंवा वेगळा मिळणारा लोड रेझिस्टर जोडावा लागतो.

ॲम्प्लिफायर: वायर आणि फ्यूज

चार चॅनेल, प्रत्येकी ७५ वॅट आरएमएस, क्लास डी प्रकारचा (कमी वीज वाया घालवणारा) लहानसा ॲम्प्लिफायर हौशी माणसाला पुष्कळ झाला. एकूण ३०० वॅट. ८० टक्के कार्यक्षमता धरली तर तो ३७५ वॅट ओढतो, १३.८ व्होल्टला तो करंट होतो २७ अँपिअर. गाणी वाजताना सरासरी याच्या बरीच खाली राहते, पण वायर पूर्ण आकड्याला पुरेल अशीच घ्यायची. ८ गेजची तांब्याची वायर, सुमारे ८.४ चौरस मिलिमीटर, ५ मीटर लांबीत जवळपास ०.२८ व्होल्ट खाते. ४ गेजची, २१ चौरस मिलिमीटरची, ०.११ व्होल्ट. दोन्ही चालतील, पुढे सबवूफरचा विचार असेल तर आताच ४ गेज टाका. तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची वायर किटमध्ये सर्रास येते. तिची वहनक्षमता शुद्ध तांब्याच्या दोन-तृतीयांशाहूनही कमी असते, तेव्हा ती घ्यायचीच असेल तर दोन गेज जाड (८ ऐवजी ६) घ्या.

फ्यूज ॲम्प्लिफायरसाठी असतो असा समज आहे. तो वायरसाठी असतो. बॅटरीपासून निघालेली वायर कुठे घासून पत्र्याला टेकली तर शेकडो अँपिअर वाहतात आणि आग लागते. म्हणून फ्यूज बॅटरीपासून ४५ सेंटिमीटरच्या आत, आणि वायर झेपेल त्याहून मोठा कधीच नाही. वर सांगितलेल्या ॲम्प्लिफायरला ४० अँपिअरचा योग्य. तो उडतो म्हणून ८० चा घालणं म्हणजे संरक्षण काढून टाकणं. इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्यातून वायर नेताना रबरी ग्रोमेट हवाच, आणि फ्यूज सगळ्यात शेवटी घालायचा.

अर्थची वायर तेवढ्याच जाडीची, शक्यतो ४५ सेंटिमीटरच्या आत, रंग खरवडून चकाकता केलेल्या पत्र्यावर, लग क्रिंप करून बोल्टने आवळायची. सीटबेल्टचा बोल्ट त्यासाठी वापरू नका.

गेनचा खटका म्हणजे व्हॉल्यूम नाही

ॲम्प्लिफायरवरचं गेनचं बटण हेड युनिटचा सिग्नल आणि ॲम्प्लिफायरची ताकद यांचा मेळ घालतं. ते पूर्ण फिरवलं की ॲम्प्लिफायर जास्त वॅट देत नाही, फक्त कमी व्हॉल्यूमलाच त्याची मर्यादा गाठली जाते आणि लाटांचे माथे कापले जातात. त्याला क्लिपिंग म्हणतात.

लावायची रीत: स्पीकरच्या तारा काढा, इक्वलायझर सपाट ठेवा, हेड युनिट पूर्ण व्हॉल्यूमच्या ७५–८० टक्क्यांवर आणा आणि ३०० हर्ट्झचा शून्य डेसिबलचा, म्हणजे रेकॉर्डिंगमधल्या कमाल पातळीचा, टोन वाजवा. बऱ्याच ठिकाणी १००० हर्ट्झ सांगतात, पण साधे मल्टिमीटर एसी मोजताना ४०० हर्ट्झच्या वर चुकू शकतात. आता ७५ वॅट गुणिले स्पीकरचे ४ ओहम म्हणजे ३००, त्याचं वर्गमूळ १७.३. मल्टिमीटर एसीवर ठेवून १७.३ व्होल्ट दिसेपर्यंत गेन फिरवा आणि थांबा.

मग दारातल्या स्पीकरचा हाय-पास फिल्टर, म्हणजे ठरलेल्या आकड्याखालचे स्वर अडवणारा, ८० हर्ट्झला लावा. स्वर एक सप्तक खाली गेला की तेवढ्याच आवाजासाठी कोनाला चौपट हलावं लागतं. ८० चा स्वर सहज वाजवणारा स्पीकर ४० ला धापा टाकतो तो यामुळे. सबवूफर नसेल तर फिल्टर ५०–६० वर आणता येतो.

'स्पीकर ६० वॅटचा, ॲम्प ७५ चा, जळणार ना?'

नाही, जर तो स्वच्छ वाजत असेल तर. गाण्यात सलग ७५ वॅट कधीच जात नाहीत. उलट २० वॅटच्या ॲम्प्लिफायरला क्लिप होईपर्यंत ताणलं तर सरासरी पॉवर वाढते, वरच्या स्वरांचा कचरा तयार होतो आणि ट्विटर जातो. आवाज चिरका झाला की व्हॉल्यूम खाली आणा. तेवढं पाळलं तर थोडा जास्त ताकदीचा ॲम्प्लिफायर सुरक्षित असतो.

सबवूफर लागतोच का?

दाराची भोकं नीट बुजवली असतील तर बऱ्याच जणांना लागत नाही. हवाच असेल तर सीटखाली मावणारा, आत स्वतःचा ॲम्प्लिफायर असलेला ८ इंची घ्या आणि त्याचा लो-पास, म्हणजे वरचे स्वर अडवणारा फिल्टर, ८० हर्ट्झला ठेवा.

इंजिनबरोबर चढणारी शिट्टी आणि सकाळी उतरलेली बॅटरी

ॲक्सिलरेटर दाबला की आवाजात शिट्टी चढत असेल तर ती बॅटरी चार्ज करणाऱ्या अल्टरनेटरची. ॲम्प्लिफायरच्या सिग्नलच्या तारा काढून बघा. शिट्टी थांबली तर ती सिग्नलच्या वाटेने येतेय, म्हणजे बहुतेक वेळा अर्थचा बोल्ट सैल आहे किंवा त्याखाली रंग राहिलाय. सिग्नलची तार गाडीच्या एका बाजूने आणि पॉवरची दुसऱ्या बाजूने न्या. ओलांडायचीच वेळ आली तर काटकोनात. बाजारातला 'नॉइज फिल्टर' आधी लावू नका, तो बऱ्याचदा शिट्टीबरोबर बासही खातो.

बॅटरी रात्रीत उतरत असेल तर ॲम्प्लिफायरची चालू करणारी तार कायम १२ व्होल्टला जोडली गेलीय का ते पाहा. गाडी लॉक करा, अर्धा तास तसंच ठेवा आणि बॅटरीच्या निगेटिव्ह तारेत मल्टिमीटर घालून करंट मोजा. मीटर आधीच १० अँपिअरच्या रेंजवर लावलेला असू द्या आणि तो जोडलेला असताना दार उघडू नका, इग्निशनही चालू करू नका. बहुतेक गाड्यांत हा करंट ५० मिलिअँपिअरच्या आत असायला हवा. जास्त असेल तर ॲम्प्लिफायरचा फ्यूज काढून पुन्हा मोजा. आकडा खाली आला नाही तर दोष तुमच्या कामात नाही, गाडीत दुसरीकडे आहे.